डॉनलीची पावलं आणि डॉनलीचा हात: किल्डेअरच्या माळावरच्या एका दंतकथेची तपासणी

आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात, डब्लिनच्या नैऋत्येला, करा नावाचा मोठा माळ आहे. क्षेत्र सुमारे २००० हेक्टर. झाडं फार थोडी, आखूड गवत, चरणाऱ्या मेंढ्या, एका अंगाला घोड्यांची शर्यत आणि दुसऱ्या अंगाला १८५५ पासूनची लष्करी छावणी. किलकलन गावाकडच्या टोकाला हा माळ एके ठिकाणी द्रोणासारखा खोल होतो. त्या जागेला आज डॉनलीज हॉलो म्हणतात. तळाशी दगडी स्तंभ आहे आणि तिथून उतारावर वर चढत जाणारी पावलं गवतात खोदलेली दिसतात. १८१५ साली उघड्या मुठींची लढत जिंकून आयरिश मुष्टियोद्धा डॅन डॉनली याच वाटेने चढून गेला, त्याच्या चाहत्यांनी प्रत्येक पाऊल तिथल्या तिथे खणून ठेवलं आणि ती अजून टिकली आहेत, असं सांगतात.

या बलदंड माणसाच्या दंतकथेला दोन वस्तूंचा आधार आहे: माळावरची पावलं आणि त्याचा म्हणून दाखवला गेलेला एक वाळवलेला उजवा हात. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत ताकदवान माणसांच्या गोष्टी शेकड्यांनी आहेत. कुणी एकट्याने गाडा उचलला, कुणी बैलाला आडवा केला. बहुतेक गोष्टी तोंडी राहिल्या आणि सांगणाऱ्याबरोबर संपल्या. डॉनलीची गोष्ट टिकली ती या दोन वस्तूंमुळे. म्हणून तिचा अभ्यास करताना गोष्ट आणि वस्तू वेगळ्या काढून एकेक तपासावी लागते. एकत्र तपासली तर एक दुसऱ्याची साक्ष देत राहतं आणि हाती काही लागत नाही.

नोंदीतला डॉनली

डॅनियल डॉनली १७८८ साली डब्लिनच्या गोदीजवळच्या वस्तीत जन्मला. धंद्याने सुतार. उंची सहा फुटांच्या आतबाहेर, वजन सुमारे १४ स्टोन, म्हणजे ८९ किलो. कॅप्टन केली नावाच्या एका शौकीन जमीनदाराने त्याला हाताशी धरलं आणि तयार केलं. मोठ्या म्हणाव्यात अशा त्याच्या लढती तीनच: १४ सप्टेंबर १८१४ ला टॉम हॉलशी आणि १३ डिसेंबर १८१५ ला जॉर्ज कूपरशी, दोन्ही कराच्या माळावर, आणि २१ जुलै १८१९ ला इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या क्रॉली इथे टॉम ऑलिव्हरशी. ही तिसरी लढत ३४ फेऱ्या चालली. सात महिन्यांत, १८ फेब्रुवारी १८२० ला, डॉनली गेला. तेव्हा तो डब्लिनमध्ये दारूचा गुत्ता चालवत होता.

तीन लढतींवर एवढी मोठी दंतकथा उभी राहिली, हे काळ बघितल्याशिवाय कळत नाही. इंग्रजी सत्तेविरुद्धचं १७९८ चं आयरिश बंड चिरडलं गेलं होतं. १८०१ पासून आयर्लंडची वेगळी संसद उरली नव्हती. कूपरच्या लढतीआधी सहाच महिन्यांपूर्वी वॉटर्लूची लढाई झाली होती आणि इंग्लंडचा दिमाख शिगेला होता. अशा वेळी एका आयरिश सुताराने नावाजलेल्या इंग्रज मुष्टियोद्ध्याला उघड्या मैदानात, हजारो लोकांसमोर खाली पाडलं. गावागावांत गाणी झाली, छापील पत्रकांवर ती जत्रेत विकली गेली. डॉनलीच्या ताकदीच्या कथेत ही राजकीय भूक मुरलेली आहे, आणि ती बाजूला ठेवून ही कथा वाचणं म्हणजे अर्धीच वाचणं.

पहिल्या लढतीचा निकाल मात्र वादग्रस्त होता, आणि ही गोष्ट गाण्यांत सहसा येत नाही. त्या काळी १७४३ चे ब्रॉटनचे नियम चालत. हातमोजे नाहीत. एक जण खाली पडला की फेरी संपली. अर्ध्या मिनिटात उठून मधल्या खुणेपाशी यायचं, नाही आला तर हरला. कमरेच्या वर पकड आणि पाडाव चालत. पडलेल्याला मारायचं नाही. या शेवटच्या नियमाचा फायदा घेऊन हॉल मार चुकवायला पुन्हा पुन्हा खाली बसू लागला, असं डॉनलीची बाजू म्हणत होती. डॉनलीचा संयम सुटला आणि त्याने बसलेल्या हॉलला ठोसा दिला. हॉलच्या बाजूने नियमभंगाची ओरड झाली, हॉल पुढे लढायला तयार होईना, आणि दोन्ही पक्षांनी आपणच जिंकल्याचं जाहीर केलं. जागेचं आधीचं नाव बेल्चर्स हॉलो होतं. ते बदलून डॉनलीचं नाव लागलं ते याच लढतीनंतर.

कूपरशी झालेली लढत स्वच्छ होती: ११ फेऱ्या, २२ मिनिटं, शेवटी कूपरचा जबडा मोडला. हे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे आधी पाहावं. ११ फेऱ्यांत अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या १० विश्रांती, म्हणजे ५ मिनिटं. उरली १७. फेरीला सरासरी दीड मिनिट झुंज. पाडाव चालत असलेल्या, उघड्या मुठींच्या लढतीत हा वेग अगदी शक्य आहे. ‘दिवसभर लढले’ असं कुणी सांगितलं तर ते इथेच गळून पडतं. डिसेंबरच्या मध्यात त्या अक्षांशावर दिवसच साडेसात तासांचा असतो.

वीस हजार प्रेक्षकांचा आकडाही नेहमी सांगितला जातो. तिकीट नव्हतं, कुंपण नव्हतं, मोजणारं कुणी नव्हतं, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण तो अशक्य आहे का? दाटीवाटीने उभ्या गर्दीत चौरस मीटरला तीन माणसं धरली तर २०,००० लोकांना सुमारे ६,७०० चौरस मीटर लागतात. हे वर्तुळ साधारण ४६ मीटर त्रिज्येचं होतं. सपाट जमिनीवर मागच्या रांगांना काही दिसलं नसतं. चहूबाजूंनी उतार असल्यामुळे दिसलं असेल. लढतीसाठी ही खोलगट जागा का निवडत, याचं उत्तर इथे मिळतं. आकडा फुगलेला असू शकतो, पण भूगोल त्याच्या विरुद्ध जात नाही.

साखरेचा खडा आणि नाइटपद

दोन उपकथा थोडक्यात. कूपरने डॉनलीला जवळजवळ हरवलं होतं, तेवढ्यात केलीच्या बहिणीने पुढे होऊन त्याच्या तोंडात साखरेचा खडा दिला, आपली सगळी मालमत्ता त्याच्यावर लावल्याचं सांगितलं आणि डॉनली पेटून उठला, असं सांगतात. साखर पोटात जाऊन रक्तात उतरायला काही मिनिटं तरी लागतात. अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीत ती काही करू शकत नाही. खडा खरोखर दिला असेल तर परिणाम शब्दांचा झाला असेल. खेळकथांमध्ये हा साचा फार जुना आहे: वीर खचतो, स्त्री हाक देते, वीर उठतो. साचा ओळखू आला की घटना खोटी ठरत नाही, फक्त तिच्या तपशिलांवर भार टाकता येत नाही.

दुसरी उपकथा अशी की ऑलिव्हरला हरवल्यावर इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे प्रिन्स रीजंटने, त्याला नाइट केलं. लोक त्याला ‘सर डॅन’ म्हणत, मृत्यूनंतरच्या मजकुरातही ते बिरुद आलं. अधिकृत नोंद मात्र नाही. आणि पैजेच्या लढतींना कायद्याने थारा नसताना राजघराण्याने उघडपणे असा सन्मान देणं पटण्यासारखं नाही.

हात

मृत्यूची कथाही लोककथेच्या वळणाची आहे: चेंडूचा खेळ खेळून तापलेल्या अंगाने त्याने गार पाणी प्यायलं आणि तो गेला. पुढची हकीकत मात्र त्या काळाशी घट्ट जुळते. डॉनलीला किल्मेनमच्या बुलीज एकर या दफनभूमीत पुरलं. काही दिवसांत प्रेतचोरांनी शव उकरून नेलं आणि हॉल नावाच्या शल्यविशारदाला विकलं. (टॉम हॉलशी याचा संबंध नाही.) लोक खवळले, शव परत पुरावं लागलं, पण शल्यविशारदाने उजवा हात खांद्यापासून कापून ठेवून घेतला.

प्रेतचोरी इतकी का होई? १८३२ च्या शवविच्छेदन कायद्यापर्यंत शरीरशास्त्र शिकवणाऱ्यांना कायद्याने मिळणारी शवं मुख्यतः फाशी गेलेल्या खुन्यांची असत. विद्यार्थी शेकड्यांनी, शवं मोजकी. ताजं शव विकत घेणं हा शिक्षकांचा नेहमीचा, न बोलला जाणारा व्यवहार होता. आणि डॉनलीसारख्या नामांकित देहाला तर मागणी असणारच. त्यामुळे हाताची कथा ऐकायला कितीही विचित्र वाटली तरी तिचा हा भाग दंतकथेपेक्षा व्यवहाराच्या जवळ आहे.

हाताला शिशाच्या शेंदराचा लेप देऊन तो टिकवला, असं सांगतात. तो एडिंबरोला विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी गेला, मग एका फिरत्या खेळवाल्याबरोबर गावोगाव दाखवला गेला. १९०४ मध्ये बेलफास्टच्या ह्यू मॅकअलेव्हीने तो विकत घेऊन आपल्या दारूच्या दुकानात ठेवला. १९५३ मध्ये तो किलकलनच्या ‘हाइडआउट’ या पबमध्ये आला आणि पुढची काही दशकं काचेच्या पेटीत तिथे राहिला. हॉलोपासून अगदी जवळ. २००६ मध्ये आयरिश मुष्टियोद्ध्यांवरच्या प्रदर्शनासाठी तो न्यूयॉर्कलाही गेला.

आता मुख्य दाव्याकडे येऊ. डॉनलीचे हात इतके लांब होते की न वाकता, ताठ उभा राहून, तो गुडघ्याखालच्या विजारीची बटणं लावू शके. हे किलकलनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हा दावा मोजता येतो, म्हणून मोजायलाच हवा.

माणसाची उंची १८३ सेंटिमीटर धरा. शरीराच्या सर्वसाधारण प्रमाणानुसार हात खाली सोडला की मधल्या बोटाचं टोक जमिनीपासून उंचीच्या सुमारे ०.३८ पट, म्हणजे ६९ सेंटिमीटरवर येतं. गुडघा ०.२८५ पट, म्हणजे ५२ सेंटिमीटरवर. विजारीचं बटण गुडघ्याच्या जरा खाली, ४७-४८ वर. बोटाचं टोक टेकून बटण लागत नाही, दोन बोटांनी पकडावं लागतं, म्हणजे आणखी चार-पाच सेंटिमीटर खाली पोचायला हवं. एकूण तूट सुमारे २५ सेंटिमीटर. खांद्यापासून बोटापर्यंत साधारण ८० सेंटिमीटर हात असतो, तो १०५ चा हवा. दोन्ही हात पसरले तर आवाका नेहमीपेक्षा अर्धा मीटर जास्त. असा माणूस सुतारकामाच्या बाकावर असता तर समकालीन वर्णनात त्याची आधी तीच नोंद झाली असती.

हात अजून अस्तित्वात असल्यामुळे दुसरी, जास्त खात्रीची चाचणी करता येते: दंडाचं हाड. त्याची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, ३.०८ ने गुणायचं, ७०.४५ मिळवायचे. हे सूत्र अमेरिकेत १९५२ साली प्रसिद्ध झालं. गोऱ्या पुरुषांसाठी त्यातून उंची मिळते, साधारण ४ सेंटिमीटर इकडेतिकडे. उलटं गेलं तर १८३ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं दंडाचं हाड साडेछत्तीस सेंटिमीटरच्या आसपास निघतं. चाळीसच्या वर गेलं तर दंतकथेला खरोखर काही आधार आहे. छत्तीस-सदतीस असेल तर हात चांगल्या उंच माणसाचा, पण नेहमीच्याच मापाचा.

मोजताना काय चुकतं, तेही सांगायला हवं. वाळलेल्या हाताची बाहेरून घेतलेली लांबी फसवी असते. कातडी आणि स्नायू आक्रसतात, कोपर थोडं वाकून कडक होतं, बोटं मिटतात, त्यामुळे लांबी कमी भरते. उलट बाजूने, धडाशिवाय एकटा ठेवलेला हात डोळ्याला लांबच वाटतो. कापताना खांद्याजवळचा जास्त भाग आला असेल तर आणखी लांब. पेटीत बघून ‘बघा, केवढा लांब!’ म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत. त्यांना तो खरोखर तसा दिसतो. म्हणून क्ष-किरण चित्रावरून फक्त हाड मोजावं, चित्रात शेजारी मापपट्टी ठेवावी, आणि बाकी सगळी मापं सोडून द्यावीत.

आमच्या मते लांब हाताची कथा हाताच्या पेटीतून वाढली. आधी ती थोड्या लांब आवाक्याच्या माणसाची असेल. हात प्रदर्शनात फिरू लागला तेव्हा खेळवाल्याला प्रेक्षकांसाठी एक वाक्य हवं होतं. बटणांचं वाक्य त्या कामाचं आहे: लहान, डोळ्यांसमोर उभं राहणारं, आणि प्रत्येकाला स्वतःच्या अंगावर लगेच करून बघता येणारं.

पावलं

पावलांबाबत नेहमी विचारला जाणारा प्रश्न ‘ती खरी आहेत का?’ हा आहे. हा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो. आधी विचारावं की ती तयार कशी झाली असतील, आणि टिकली कशी.

डिसेंबरमध्ये कराची जमीन ओली, वरचा थर मऊ. जड माणसाचं पाऊल उमटेल. पण त्याच तासाला हजारो लोक त्याच उतारावरून वर गेले. त्या तुडवातुडवीत एका माणसाची पावलं वेगळी उरणं शक्य नाही. म्हणजे ती उरली असतील तर एकाच मार्गाने: कुणीतरी लगेच, ठरवून, खुणा करून ठेवल्या आणि मग खणल्या. दंतकथाही नेमकं तेच सांगते, चाहत्यांनी खणली. इथे कथा व्यवहाराशी जुळते. मात्र त्या दिवशी खणली की नंतर, एवढ्यावरून ठरत नाही.

आता टिकणं. कराच्या माळाखाली हिमनद्यांनी आणून टाकलेली चुनखडीची वाळू आणि गोटे आहेत. पाणी झटकन मुरतं, म्हणून गवत आखूड, दाट आणि घट्ट राहतं. अशा गवतात खणलेला पाऊलभर खड्डा वापरला नाही तर काही हंगामांत कडा ढासळून आणि मुळं आत शिरून बुजतो. दोनशे वर्षांत तो नाहीसाच व्हायला हवा. तो नाहीसा झाला नाही, कारण येणारा प्रत्येक जण त्यात पाय ठेवून वर चढतो. पाय पडला की गवताचे कोंब दबतात, माती घट्ट होते, खड्डा जिवंत राहतो. या पावलांना ‘ताकदीची आणि कीर्तीची पायरी’ म्हणतात. लोक मुलांना घेऊन येतात आणि तळापासून वरपर्यंत त्याच पावलांत पाय टाकायला लावतात. दंतकथेची देखभाल या कृतीतच होते.

म्हणून पावलांच्या मापावरून डॉनलीच्या पायाचं माप काढण्यात अर्थ नाही. आज दिसणारी कड शेवटच्या हजारो बुटांनी घडवलेली आहे. पावलांमधलं अंतर थोडं जास्त बोलकं आहे, कारण खड्ड्याची जागा सहसा सरकत नाही. टाचेपासून पुढच्या टाचेपर्यंत मोजावं, उतारावर पट्टी ताणून, हवेत आडवी धरून नव्हे. चढ चढणाऱ्या सहा फुटी माणसाचं पाऊल ७० सेंटिमीटरच्या जवळपास पडतं. सगळी अंतरं एकसारखी निघाली तर ती खणणाऱ्याने मापून ठेवली असावीत. दमलेला, २२ मिनिटं लढलेला माणूस इतका एकसारखा चालत नाही.

पावलं बिघडतात ती दोन कारणांनी. गर्दीच्या दिवशी मुलं धावत चढतात, टाच कडेवर पडते, खड्डा रुंदावतो आणि दोन खड्ड्यांमधला गवताचा पट्टा अरुंद होतो. तो पट्टा गेला की पावलांच्या जागी सलग घळ तयार होते आणि पावसाचं पाणी तिथून खाली धावतं. दुसरं कारण उलटं: फार दिवस कुणी आलं नाही तर गवत भरून येतं. उपाय एकच चालतो, कडा फावड्याने हलक्या हाताने पुन्हा कापणं आणि मधल्या पट्ट्यावर नवी हरळी बसवणं. सिमेंटची किंवा फरशीची पावलं घालण्याचा मोह कुणाला झाला तर तो आवरावा. मग पाय ठेवला काय आणि न ठेवला काय, फरक पडणार नाही, आणि इथलं खरं काम थांबेल.

सांगणाऱ्यांकडून ऐकताना

डॉनलीवरची तोंडी परंपरा शोधायची तर सगळ्यात मोठा साठा म्हणजे आयरिश लोककथा आयोगाने १९३७ ते १९३९ दरम्यान शाळांमधून केलेला संग्रह. तेव्हाच्या २६ परगण्यांतल्या सुमारे ५,००० शाळांमधल्या ११ ते १४ वर्षांच्या मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वह्यांत लिहून आणलं. शिक्षकांना विषयांची एक पुस्तिका दिली होती, त्यात ‘स्थानिक वीर’ हा स्वतंत्र विषय होता. संग्रह आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहे आणि दूखस या संकेतस्थळावर पान न्‌ पान पाहता येतो. शोधताना फक्त माणसाच्या नावाने शोधू नये. मुलांनी नावं ऐकू आली तशी लिहिली आहेत. परगणा, शाळा आणि विषय धरून वह्या चाळाव्यात.

वाचताना तारखांचं गणित करावं. १९३८ मध्ये ७५ वर्षांचा सांगणारा १८६३ चा. लढतीच्या वेळी वीस वर्षांचा असलेला माणूस तेव्हा ६८ वर्षांचा. म्हणजे मधे एकच दुवा, फार तर दोन. ही साखळी चांगली आहे. पण १८८८ मध्ये हॉलोत दगडी स्तंभ बसला, त्यावर कूपरवरचा विजय आणि तारीख कोरली गेली. तेव्हापासून सांगणाऱ्याची आठवण आणि स्तंभावरचा मजकूर मिसळू लागले. एखाद्या कथेत स्तंभावरचीच तारीख, स्तंभावरच्याच शब्दांत आली असेल तर ती वाचलेली आहे असं धरावं. उलट कथेत बेल्चर्स हॉलो हे जुनं नाव आलं, किंवा बसलेल्या हॉलला मारल्याच्या भांडणाचा उल्लेख आला, तर ती स्तंभाच्या आधीच्या थरातून आली असण्याची शक्यता बरीच वाढते. वीराला कमीपणा आणणारा तपशील कुणी उगाच जोडत नाही.

हाताबाबतही तशीच एक रेघ आहे. १९५३ नंतर किलकलनमध्ये ऐकलेली लांब हाताची कथा जवळजवळ नक्कीच पेटीशेजारी ऐकलेली असते. १९३८ च्या वह्यांमध्ये, हात बेलफास्टकडे असताना, किल्डेअरच्या म्हाताऱ्यांनी लांब हातांचा उल्लेख केला असेल तर मात्र त्याला वजन आहे. म्हणून शोध याच क्रमाने करावा: आधी १९३९ पर्यंतच्या वह्या, मग त्यानंतरची टिपणं, आणि पेटीतल्या हाताचं हाड सगळ्यात शेवटी. उत्तर आधीच ठाऊक असलं की वह्यांमध्ये आपल्याला हवं तेच दिसू लागतं.